सूत सोडून

आमच्या घरात मारहाण कधी झाली नाही. आमच्या घरात अबोला धरतात. लोकांना हे सभ्यपणाचं लक्षण वाटतं. डोंबलाचं सभ्यपण! माणूस तुमच्यासमोर बसून चहा पितो, तुम्ही वाढलेलं जेवतो आणि तुम्ही भिंतीवरचा डाग असल्यासारखा तुमच्या आरपार बघतो. त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली. थोबाडीत बसली की गाल आपला आहे एवढं तरी कळतं.

माझे बाबा सुतार. त्यांनी माझ्याशी अबोला धरला तो एका दारावरून.

एका बाईंकडे कपाट पोचवायचं होतं. मी काम करते त्या कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी हात लावायला गेले. कपाट उभं केलं, तर एक दार आपलं आपण उघडायला लागलं. लावलं की उघडायचं. बाई म्हणाल्या, "हे असं का?" बाबा म्हणाले, "तुमची फरशी कललीय, बाई." मी फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. मग दाराच्या कोपऱ्याला गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावला आणि म्हटलं, "बाबा, फरशी नाही. दार कललंय. एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बोटाच्या नखाएवढा तरी असतो की नाही. पण सुताराच्या आयुष्यात एका सुताला फार जागा असते. बाईंनी ते दार परत पाठवलं आणि दुसऱ्या कुणाकडून तरी नवं करून घेतलं. बाबा दार खांद्यावर टाकून घरी आले. येताना रस्ताभर बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "तिला सांग, फाटक्या तोंडाचं माणूस मला कामावर नको." मी त्यांच्या शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानही उघडलं नाही. दार गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि बसून राहिले.

मी आजही म्हणते, दार कललेलंच होतं.

तेव्हापासून आमच्या घरात टपालखातं सुरू झालं, आणि पोस्टमन आई. "तिला सांग, पंखा बंद कर." "त्यांना सांग, मला उकडतंय." आई पाय मारत शिलाई मशीन चालवता चालवता निरोप इकडून तिकडे सरकवायची. पण आई काही सरकारी पोस्टमन नव्हे. निरोप ती उघडून वाचायची, तिखट जास्त वाटलं तर काढायची, कमी वाटलं तर घालायची. कधी मशीनच्या खडखडाटात अर्धा निरोप सांडायचाही. बाबा आणि मी दोघंही तिच्यावर विसंबून होतो, आणि आपण कशावर विसंबलोय हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी कुणी सुधारलं नाही. हट्टाच्या बाबतीत मी माझ्या बापाचीच मुलगी.

मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. कारखान्यात दुपारच्या सुट्टीत एकजण गिटार वाजवायचा, त्याच्याकडून शिकले. सुईने बोटांची टोकं आधीच राठ झालेली, तारांनी वेगळं काय टोचणार? मग तो नोकरी सोडून गेला. जाताना गिटार घेऊन गेला आणि त्याचा जुना छोटा स्पीकर मला देऊन गेला, जणू घोडा नेला आणि चाबूक ठेवला. स्पीकर घरात नुसता बसून होता. गॅलरीत दार नुसतं उभं होतं. आत बाबाही नुसतेच बसलेले होते. एके दिवशी मी करवत घेतली आणि दाराला लावली.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं, तिला विचार, काय चाललंय?"

आई मशीनवरून ओरडली, "काय चाललंय विचारतायत!"

"गिटार बनवतेय म्हणावं. विजेची. याच दारातून."

 मग आई स्वतः उठून गॅलरीत आली. तिचा चेहरा गंभीर होता, पण डोळ्यांत मजा होती. ती म्हणाली, "ऐक. म्हणतायत, त्या दारातून धड सूर निघाला तर बोलेन म्हणावं तिच्याशी. नाही निघाला तर जन्मात नाही."

"असं म्हणाले?"

"जन्मात मी घातलं असेल. बाकीचं त्यांचं."

झालं. तोपर्यंत मला फक्त गिटार हवी होती. आता मला त्या लाकडाकडून माझा बाप परत हवा होता. हे मी कुणाला बोलले नाही. करवत जरा जास्त जोरात चालवली, एवढंच.

ज्यांनी कधी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. विजेच्या गिटारीला पोट नसतं. साध्या गिटारीसारखी ती आतून पोकळ नसते. भरीव लाकूड असतं, त्यावर एक लांब मान. मानेच्या टोकाला हाडाची एक पट्टी, तिच्या खाचांतून सहा तारा निघतात. मानेवरून धावत खाली येतात आणि अंगावर बसवलेल्या एका लोखंडी पट्टीवर टेकतात. तारांखाली एक चुंबक असतं, ते तारेची थरथर पकडून स्पीकरला देतं. मान मी तयार विकत घेतली, चुंबकही. ती खालची लोखंडी पट्टीही. दुकानदार तिला ब्रिज म्हणाला. आईने हातात घेऊन विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "ब्रिज." आतून बाबा म्हणाले, "तिला सांग, त्याला घोडी म्हणतात."

आई म्हणाली, "एक घोडी आहे की घरात वाढलेली, दुसरी कशाला आणली?"

घोडीवर सहा छोटे ठोकळे होते, प्रत्येक तारेला एक. प्रत्येकामागे एक स्क्रू. स्क्रू फिरवला की तो ठोकळा थोडा पुढे किंवा मागे सरकायचा. बाबांनी घोडी चाचपून बघितली, एकेका ठोकळ्यावरून अंगठा फिरवला आणि आईला म्हणाले, "हे तिचे खूर." मग तेच नाव पडलं.

दाराच्या दोन फळ्या एकावर एक चिकटवून अंग तयार केलं. हे करताना बाबांनी आईकरवी माझा जो उद्धार केला तो लिहायला घेतला तर गिटार राहील बाजूला. "तिला सांग, करवत लाकूड कापायला असते, लाकडावर राग काढायला नाही." "तिला सांग, हा रंधा आहे, खवणी नाही." "तिला विचार, तो कोपरा तिने कापला की उंदराने?" मी सगळं ऐकून घेत होते. मला कळत होतं की जो माणूस महिनोन्महिने खिडकीबाहेर बघत बसला होता, तो आता गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून बसलाय. मान तिरकी करून, डोळे मिटून, रंध्याचा आवाज ऐकत. डोळे मिटून का बसतात हा प्रश्न मला पडला होता. पण प्रश्न टपालाने विचारले की उत्तरं टपालानेच येतात.

मग घोडी बसवायची वेळ आली. इथे दोन गोष्टी साधायच्या असतात. एक, आडवी. घोडी डावी-उजवी हलली तर तारा मानेच्या कडेवरून घसरून पडतात. दुसरी, उभी. हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचं अंतर बरोबर पाहिजे, नाहीतर सूर चुकतात.

आडवं साधायला मी अंगाचा मध्य काढायला बसले. लगेच निरोप आला.

"अंगाचा मध्य धरू नको म्हणतायत. मानेचा धर."

"का पण?"

"का पण, विचारतेय!"

"अंग वाकडं असलं तरी चालतं, मान सरळ लागते, तिला सांग."

बरोबर होतं. मानेच्या दोन्ही कडांना लागून दोन दोरे बांधले, ते ताणत खाली अंगाच्या शेवटापर्यंत नेले. दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये घोडीचा मध्य. अंग खरंच थोडं वाकडं कापलं गेलं होतं. अंगाचा मध्य धरला असता तर जाड तार मानेबाहेर लोंबली असती. दोरा आईच्या रिळाचा होता, पांढरा, चार पदरी. आई त्याला सूत म्हणते. शिवणाऱ्या माणसाचं सूत म्हणजे दोरा आणि सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या घरात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते आणि तोवर त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

उभं अंतर काढायला सोपं होतं. मानेवर लोखंडी पट्ट्या असतात, बोट दाबायला. बारावी पट्टी ही तारेचा बरोबर मध्य. हाडाच्या पट्टीपासून बाराव्या पट्टीपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. दुप्पट केलं, पेन्सिलने रेघ मारली. सगळे खूर मागे सारून, एका ओळीत नेटके लावून, ती ओळ रेघेवर ठेवली. भोकांच्या खुणा केल्या. दोरे अजून ताणलेलेच होते. ड्रिल उचललं, आणि निरोप आला.

बाबा काहीतरी म्हणाले. आईचं मशीन धडधडत होतं. आई म्हणाली, "सूत सोडून भोक पाड म्हणतायत."

बरं. ड्रिलमध्ये दोरा गुंतू नये म्हणून सांगत असतील. मी दोरे सोडले, गुंडाळून ठेवले आणि भोकं पाडली. घोडी बसली, मजबूत. तारा चढवल्या. सहाच्या सहा मानेवरून सरळ धावत गेल्या, दोन्ही कडांना सारखं अंतर सोडून. आईने बघून म्हटलं, "सुतासारख्या सरळ आल्या गं!" स्पीकर लावला, मोकळ्या तारा सुरात लावल्या आणि छेडल्या.

घर भरलं. कपाटाच्या दारातून एवढा आवाज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. मी त्यांच्याकडे बघत बाराव्या पट्टीवर बोट दाबलं. तिथे तोच सूर यायला हवा, एक मजला वरचा.

आला तो भलताच. तोच होता, पण चढा. आपल्या ओळखीच्या माणसाने दार उघडावं आणि चेहरा जरासाच वेगळा असावा, तसं काहीतरी. जाड तार सगळ्यात खोटारडी. बाबांनी तोंड वाकडं केलं, खुर्ची उचलली आणि आत निघून गेले. निरोपसुद्धा ठेवला नाही.

आता मला राग यायला हवा होता. तो आलाच, पण त्याच्याआधी कुतूहल आलं, आणि कुतूहल आलं की माझा राग बाहेर ताटकळत बसतो. मोकळी तार खरं बोलते. तीच तार बरोबर मध्यावर दाबली की खोटं बोलते. का? मध्य तर मी मोजलेला. मध्य म्हणजे मध्य. अर्ध्यात कसली फसवणूक?

तारा बदलल्या. खोटं तसंच. हाडाच्या पट्टीच्या खाचा घासल्या. तसंच. मोबाईलमध्ये सूर दाखवणारा काटा असतो, तो लावला. बारीक तारांवर तो शहाण्यासारखा "चढा" म्हणायचा, जाड तारेवर अंगात आल्यासारखा नाचायचा. मग मी एक गंमत केली. बाराव्या पट्टीवर तार न दाबता तिला नुसतं बोट टेकवलं आणि छेडली. घंटेसारखा सूर आला, लांब, स्वच्छ आणि अगदी खरा! त्याच जागी दाबली की खोटा. म्हणजे जागा बरोबर होती. मग चोर कोण? बोट?

आई म्हणाली, "तुझी घरी आणलेली कव्हरं शिवायची राहिलीत, ती शिव आधी."

खूर मागे सरकवून बघावं म्हटलं. तार लांब झाली तर सूर उतरेल. पण मागे जागाच नव्हती. मी नेटकेपणाने सगळे खूर आधीच टोकापर्यंत मागे नेऊन ठेवले होते. कव्हरं शिवणाऱ्या बाईचा नेटकेपणा. शिवण दिसायला सरळ आली पाहिजे!

शेवटी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार पोट खाजवत म्हणाला, "तार स्वस्तातली असेल." मी म्हटलं, तार तुमच्याकडूनच नेलीय. तो म्हणाला, "मग महागातली न्या." वर म्हणाला, "गिटारीचं काय वेड लागलंय हो सगळ्यांना? मागे एक म्हातारे बाबा आले होते. घडीची लाकडी पट्टी घेऊन. भिंतीवरची एकेक गिटार उतरवायला लावली. वरपासून मध्यापर्यंत मोजायचे, मध्यापासून खालपर्यंत मोजायचे, अंगठ्याने चाचपत. आकडे मात्र मला वाचायला लावायचे. चष्मा विसरलोय म्हणाले. घेतलं तर काहीच नाही."

माझ्या बाबांना चष्मा नाही. कधीच नव्हता.

दुकानातून बाहेर पडले आणि फुटपाथवर उभी राहिले. सायकलवाला घंटी वाजवून ओरडून गेला तरी हलले नाही. दोन गोष्टी एकदम डोक्यात शिरल्या होत्या आणि दाराशी अडकल्या होत्या. एक, या माणसाने मला जन्मात न बोलायची धमकी दिली आणि मग स्वतः जाऊन माझ्यासाठी भिंतीवरच्या गिटारी मोजल्या. दोन, त्याला पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. दार का कललं ते कळलं. डोळे मिटून का बसतात तेही. आणि मग राग आला तो असा की कान तापले. डोळ्यांना दिसत नाही हे सांगायला माणसाला तोंड नाही, आणि अबोला धरायला आहे!

घरी पोचले. बाबा खिडकीशी होते. आई मशीनवर. मी चपला काढायच्या आधी म्हटलं, "आई, त्यांना विचार, दुकानातल्या गिटारींचं माप काय निघालं."

आईचा पाय थांबला. "कुठल्या दुकानातल्या?"

बाबांची मान हलली नाही, पण कान हलले असते तर दिसले असते. ते खिडकीला म्हणाले, "तिला सांग, माप तेव्हाच सांगितलं होतं."

"कधी?"

"भोकं पाडताना. तिला सांगायला सांगितलं होतं. एक सूत सोडून भोक पाड. सगळ्या गिटारींना खालचं अंतर वरच्यापेक्षा जास्त होतं. जाड तारेला एक सूत, बारीकला त्याहून कमी. म्हणून म्हटलं, एक सूत सोड."

मी आईकडे बघितलं. आईने सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता.

"आई, तू मला काय सांगितलंस?"

"तेच की. सूत सोडून."

"आणि 'एक' कुठे गेला?"

"बाई, मशीन चालू होतं! आणि तू दोरे बांधून बसली होतीस, मला वाटलं दोरे सोड म्हणतायत. एक सोड काय आणि दोन्ही सोड काय!" मग तिचा आवाज चढला. "आणि मीच का म्हणून लक्षात ठेवायचं? तुम्हा दोघांना तोंडं नाहीत? महिने झाले, मी टपाल वाहतेय. एक शब्द सांडला तर लगेच माझ्यावर फिर्याद!"

तिचं चुकलं नव्हतं. मला हसू यायला लागलं. एवढासा 'एक'. आमच्या घरात एक सूत जास्त बोलल्याने अबोला झाला आणि आता एक शब्द कमी बोलल्याने सूर गेला.

"त्यांना विचार," मी म्हटलं, "एक सूत जास्त का असतं?"

"तिला सांग, ते मला नाही माहीत. सगळ्यांचं तसंच होतं एवढं बघितलं." 'बघितलं' म्हणताना ते किंचित अडखळले.

म्हणजे त्यांना काय ते माहीत होतं आणि का ते नाही. मला 'का' शिवाय चैन पडत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आहे. मी तिथे उभी राहून विचार करत होते आणि चाळा म्हणून दोरी मध्येच खाली दाबत होते. दाबली की दोन्हीकडचे खिळे करकरायचे. सोडली की गप्प. पुन्हा दाबली. खिळे करकरले. आणि मग ट्यूब पेटली. दोरी दाबली की ताणली जाते! तारही बोटाने दाबली की खाली पट्टीपर्यंत वाकते, जरा जास्त ताणली जाते, आणि ताणलेली तार चढी बोलते. नुसतं बोट टेकवलं तर ताण नाही, म्हणून घंटा खरी. तो ताण भरून काढायला तार आधीच जराशी लांब ठेवायची. जाड तार दाबून घ्यायला जास्त अवघड, तिला जास्त सवलत. अर्धं बरोबरच होतं. फक्त हात लागला की अर्धं अर्धं राहत नाही, एवढं मोजताना धरायचं होतं.

"आई! त्यांना सांग, दाबलं की ताण येतो, म्हणून एक सूत सोडायचं!"

आईने सांगितलं. बाबा म्हणाले, "हां." मग स्वतःशीच, "हां! म्हणून होय." त्या 'होय'मध्ये जो आनंद होता तो निरोपात बसत नव्हता, आईनेही प्रयत्न केला नाही.

घोडी काढली. नवी भोकं एक सूत मागे म्हणजे जुन्या भोकांच्या अंगावरच येणार, म्हणून जुनी बुजवायला हवी होती. मी खुंट्या शोधायला गेले आणि परत आले तर बाबा गॅलरीत फतकल मारून बसलेले, हातात पटाशी. उरलेल्या दाराच्या तुकड्यातून खुंट्या सोलत होते. डोळे मिटून. अंगठ्याने भोकाचं माप घ्यायचे, खुंटी फिरवत तासायचे, भोकात घालून बघायचे, काढायचे, पुन्हा तासायचे. एकही सैल निघाली नाही. सरस लावून ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दोरे ताणले आणि एक सूत मागे रेघ मारली. या वेळी खूर निम्म्यावर आणून ठेवले, मागे-पुढे दोन्हीकडे जागा राहील असे. भोकं पाडली. सुताचे दोन्ही अर्थ पाळून.

तारा चढल्या. आता एकेक खूर बारीक सरकवून सूर जुळवायचा होता. जाड तारेपासून सुरुवात. मोबाईलचा काटा तिच्यावर नाचतो म्हणून मी दुसरी युक्ती काढली. जाड तार बाराव्या पट्टीवर जो सूर देते तोच सूर चौथी तार दुसऱ्या पट्टीवर देते. दोन्ही एकदम वाजवल्या आणि सूर जुळलेले नसले की आवाजाला लाटा येतात, वांव-वांव-वांव. जुळत आले की लाटा लांब होतात. जुळले की थांबतात. पण दोन पट्ट्यांमध्ये एवढं अंतर की एका हाताची बोटं पोचत नाहीत.

"आई, त्यांना सांग, इथे बोट ठेवायचंय."

गिटार टेबलावर आडवी. एका बाजूला मी, समोर बाबा. त्यांचं बोट मी सांगितलेल्या जागी, दुसरा हात त्यांनी लाकडावर पालथा टेकवलेला. मी तार छेडली.

बाबा म्हणाले, "हलतंय. हाताला लागतंय. अगं, तिला सांग, मागे घे."

"मागे घे म्हणतायत," आई म्हणाली.

तोवर सूर विरून गेला होता. मी स्क्रू फिरवला, मोकळी तार पुन्हा सुरात आणली, छेडली.

"अजून. तिला सांग, अजून."

"अजून म्हणतायत."

गेला सूर. पुन्हा.

"आता थोडं... नाही, जास्त झालं, तिला सांग—"

"काय सांगू? थोडं की जास्त?"

गेला. तारेला आमच्या घरचे नियम माहीत नव्हते. ती छेडल्यावर काही क्षण जगते आणि मरते. निरोप पोचेपर्यंत थांबत नाही. मी पुन्हा छेडली, बाबांनी पुन्हा आईकडे तोंड वळवलं, आणि आई उठली.

"कुठे निघालीस?" बाबा म्हणाले.

"कपडे काढायला. आभाळ भरलंय."

आभाळ लख्ख होतं. आईने जाताना खोलीचं दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मधे फक्त ते कललेलं दार, तारा लावलेलं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण थोडं बाजूला, जिथे माझा चेहरा असेल असं त्यांना वाटत होतं तिथे.  मी तार छेडली. वांव... वांव... वांव...

बाबांच्या ओठांची हालचाल झाली, थांबली. सूर विरत चालला. मी पुन्हा छेडली. स्क्रूड्रायव्हर हातातच होता.

वांव... वांव...

"सोड," ते म्हणाले.

"काय?"

"पुढे सोड! जरासा. एवढा नाही. हां. छेड."

छेडली. लाटा लांब झाल्या.

"अजून केसभर. थांब. थांब! छेड आता."

छेडली. दोन तारांचा एक आवाज आला. लाकडावरचा त्यांचा हात तसाच पडून राहिला.

"थांबलं," ते म्हणाले. "हलत नाहीये."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं होतं या क्षणी मला रडू येईल. अजिबात नाही. सगळे महिने एकदम तोंडाशी आले.

"दिसत नाही हे सांगायचं होतं ना!"

"तुला दिसत होतं ना? मग मला सांगायचं. गिऱ्हाईकासमोर कशाला?"

"मी तुम्हालाच सांगितलं! 'बाबा' म्हटलं मी, 'बाई' नाही म्हटलं!"

"हळू बोलता येत नव्हतं?"

"तुम्हाला फरशीवर ढकलता येत होतं ते! चांगल्या फरशीवर!"

"मग काय म्हणायचं होतं मी? आंधळा झालो म्हणायचं? गिऱ्हाईकाला?"

"मला म्हणायचं!"

दार उघडून आई आत आली. हातावर कोरडे ठणठणीत कपडे. आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "काय झालं? कुणाला काय सांगू?"

"तू मधे पडू नकोस," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"बरं," आई म्हणाली आणि घड्या घालायला बसली. एवढ्या सावकाश घड्या तिने आयुष्यात घातल्या नसतील.

"आधी कबूल करा," मी म्हटलं. "दार कललं होतं."

बाबांनी अंगठ्याने गिटारीची कड चाचपली. पूर्वी ती दाराची कड होती.

"एक सूत," ते म्हणाले. "होतं. आता पाचवी तार घे."

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

बाबांनी मान फिरवली. "अगं, तिला सांग, मी कुठे येणार नाही."

आई उशीच्या अभ्र्याचे कोपरे जुळवत होती. तिने वर बघितलं नाही. "तुमची जीभ काय वाळत घातलीय? समोर बसलीय ती."

बाबा गप्प झाले. मला वाटलं, झालं, पुन्हा धरला. पण त्यांचं बोट मानेवर सरकत पुढची जागा शोधत होतं.

"इथे?" त्यांनी मला विचारलं.

"एक पट्टी खाली," मी म्हटलं, आणि पाचवी तार छेडली.